आचार्य धर्मानंद कोसंबी आणि विद्यापीठातील पाली

आमच्या शाळेत आठवीपासून पाली शिकविली जाते. प्रवेशाच्या दिवसांत येणारे पालक वसतिगृहाची, भोजनाची, शुल्काची चौकशी करतात आणि नंतर हमखास विचारतात, की पाली घेतल्याने टक्केवारी वाढते असे ऐकले आहे, ते खरे काय? त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याने शेतमजुरी करून किंवा कारखान्यात राबून मुलाला आमच्या हवाली केले, त्याला गुणपत्रिकेची काळजी असणारच. पण आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेत हा विषय आला कोठून, हेही त्या मुलाला कळावे, असे आम्हांस वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली नव्हती. ती तेथे आली, तिला शिक्षक मिळाला, पाठ्यपुस्तके मिळाली, त्यामागे ज्या एका माणसाची पायपीट होती, त्याच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्या आचार्य धर्मानंद कोसंबींचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता आणि खेड्यापाड्यांत मराठी शिक्षणाची सोय जेमतेमच होती. त्यात या मुलाची प्रकृती तोळामासा. शाळा धरली, सुटली, पुन्हा धरली, असे करता करता जे काही मराठी लिहिणे-वाचणे आले तेवढ्यावर शिक्षण संपले. पुढे वडिलांच्या नारळीच्या बागायतीची देखभाल त्यांच्याकडे आली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी विवाह झाला. येथपर्यंतच्या हकिकतीत पुढच्या आयुष्याची चाहूल लागावी असे काहीच नाही. हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचून काढण्याची खोड मात्र होती.

याच वाचनात 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती आला आणि त्यात बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. मासिक चालविणारे ख्रिस्ती मिशनरी होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. आपल्याच भूमीतील या महापुरुषाचे नाव गोव्यातील एका तरुणाच्या कानी पडण्यासाठी एवढा आडमार्ग घ्यावा लागला, यावरून त्या काळी बुद्धाचे किती विस्मरण झाले होते याची कल्पना येते. पुढे मराठीतील एक मोठे बुद्धचरित्रही त्यांनी मिळवून वाचले आणि त्याची पारायणे केली. बुद्धाचा उपदेश मूळ भाषेत वाचायचा, या एका इच्छेने त्यांना घेरले. ती भाषा कोणती, ती कोठे शिकवितात, हे सांगणारे आसपास कोणी नव्हते. आधी संस्कृत शिकावे लागेल, एवढाच अंदाज त्यांनी बांधला.

वडिलांचे निधन झाल्यानंतर, १८९९ च्या अखेरीस, तेवीस वर्षांचे धर्मानंद घर सोडून पुण्याला निघाले. मागे पत्नी होती, आणि थोरली मुलगी माणिक तान्ही होती. गौरवग्रंथांत हा प्रसंग बहुधा सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाशेजारी मांडला जातो. आम्हांस ती तुलना करवत नाही. बाळाबाईंना त्यानंतरची जवळजवळ सात वर्षे नातलगांच्या आधाराने काढावी लागली. पती परत येईल की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते. धर्मानंदांच्या विद्येचा हिशेब मांडताना ती सात वर्षे बाळाबाईंच्या खात्यावर लिहिली गेली पाहिजेत. स्वतः धर्मानंदांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात घर सोडण्याच्या या निर्णयाची हकिकत कसलाही मुलामा न देता सांगितली आहे.

पुण्यात त्यांची डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी भेट झाली. भांडारकर हे पश्चिम भारतातील संस्कृत विद्येचे अग्रणी आणि मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू. बौद्ध धर्माचे ज्ञान हवे असेल तर ते इकडे मिळणार नाही, त्यासाठी नेपाळ, सिंहलद्वीप किंवा ब्रह्मदेश गाठावा लागेल, हे त्यांच्याकडून कळले. एवढी मोठी विद्यानगरी पुणे, पण तेथे पालीचा शिक्षक नव्हता. धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले, अन्नछत्रातील जेवणावर राहिले आणि पंडितांच्या पायाशी बसून संस्कृत शिकले. १९०२ साली ते नेपाळात पोहोचले. तेथे बौद्ध धर्माचे जिवंत अध्ययन पाहायला मिळेल ही आशा फोल ठरली. मग बोधगया, कलकत्ता आणि तेथून सिंहलद्वीप, आजचे श्रीलंका.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्यांना हवे ते सापडले. परिवेण म्हणजे विहाराला जोडलेले विद्यालय. विद्योदयाची स्थापना १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी केली होती आणि देशोदेशींचे भिक्खू तेथे शिकण्यास येत. सुमंगलाचार्यांकडून धर्मानंदांनी श्रामणेराची प्रव्रज्या घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. शाकाहारी माणसाला तेथील आहार मानवला नाही, प्रकृती ढासळली, तरी त्रिपिटकाची दारे उघडली होती. पुढे ते ब्रह्मदेशातही गेले, तेथील विहारांत राहिले, ध्यानाचा अभ्यास केला. सिंहली आणि ब्रह्मी या दोन्ही लिप्या त्यांच्या हाताखालून गेल्या.

लिपीची ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. ती ज्या देशी गेली त्या देशाची लिपी तिने पत्करली. सिंहलद्वीपात सिंहली, ब्रह्मदेशात ब्रह्मी, सयामात सयामी. १८९३ साली सयामच्या राजाने त्रिपिटक सयामी लिपीत छापून जगभरच्या ग्रंथालयांना पाठविले. इंग्लंडात ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन करून रोमन लिपीत ग्रंथ काढण्यास आरंभ केला. म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बुद्धवचन सिंहली, ब्रह्मी, सयामी आणि रोमन अशा लिप्यांत वाचता येत होते. देवनागरीत मात्र ते जवळजवळ नव्हतेच. ज्या भूमीत ते उच्चारले गेले तेथील विद्यार्थ्याला ते वाचण्यासाठी परकी अक्षरे गिरवावी लागत. धर्मानंदांनी ती गिरवली आणि पुढे उरलेले आयुष्य ही अडचण दुसऱ्यांची राहू नये म्हणून खर्ची घातले.

१९०६ साली ते कलकत्त्यास परतले. बंगालमध्ये स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती आणि राष्ट्रीय शिक्षणासाठी नॅशनल कॉलेज नुकतेच निघाले होते. तेथे पाली शिकविण्यासाठी त्यांना बोलावणे आले. त्यांनी चीवर उतरवून गृहस्थाचा वेष घेतला, गोव्याला जाऊन कुटुंबाची भेट घेतली आणि अध्यापनास लागले. लवकरच बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांच्या प्रयत्नाने आणि कुलगुरू आशुतोष मुखर्जींच्या गुणग्राहकतेमुळे कलकत्ता विद्यापीठातही त्यांची नेमणूक झाली. कलकत्त्याने पालीचा स्वीकार आधीच केला होता, एम. ए. ची परीक्षा त्या विषयात देता येत होती. प्रमाणपत्र मागितले असते तर धर्मानंद रिकाम्या हातांनी उभे राहिले असते. आशुतोषांनी विद्या पाहिली. आजच्या नियमांत अशा माणसाला शिपायाच्या जागेसाठीही अर्ज करता येईल की नाही, याची आम्हांस शंका आहे.

येथे त्यांचे बस्तान बसले असते. परंतु ज्ञान आपल्या भाषेच्या लोकांत न्यावे, हा ध्यास त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती तीन वर्षांसाठी देऊ केली. अट एवढीच, की त्यांनी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्त्यातील प्राप्ती आणि मान यांपुढे ही रक्कम किरकोळ होती. आशुतोषांनी त्यांना राहण्याचा आग्रह केला. धर्मानंदांनी पन्नास रुपये पत्करले. या व्यवहाराला त्याग म्हणण्याची पद्धत आहे. आम्हांस मात्र तो अगदी सरळ हिशेब वाटतो. कलकत्त्यात पालीची शिकवण त्यांच्यावाचूनही चालू राहिली असती, आणि महाराष्ट्रात ती त्यांच्यावाचून सुरूच झाली नसती. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने आली. मूळ पाली साधनांच्या आधारे मराठीत बोलणारा माणूस महाराष्ट्राने असा प्रथमच ऐकला.

आता ते पुन्हा भांडारकरांपुढे आले. पूर्वी विद्या मागण्यासाठी आले होते, या वेळी ती घेऊन आले. भांडारकरांनी वजन खर्च केले आणि मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा समावेश झाला. संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन या अभिजात भाषांच्या पंक्तीत तिला पाट मांडला गेला. वाचणाऱ्याला वाटेल, ठराव झाला, काम झाले. तसे नसते. विषय अभ्यासक्रमात येणे म्हणजे छापील पुस्तिकेत एक ओळ वाढणे. त्या ओळीला अर्थ येण्यासाठी एखाद्या महाविद्यालयाने वर्ग उघडावा लागतो, वर्गाला शिक्षक लागतो, शिक्षकाला वाचता येतील असे ग्रंथ लागतात, परीक्षेला परीक्षक लागतात, आणि पाली घेऊन उत्तीर्ण झालेल्या पहिल्या मुलाला पुढे काहीतरी पोटापाण्याची वाट लागते. यांतले एक जरी नसले तरी ओळ पुस्तिकेतच सुकते. अशा सुकलेल्या ओळी आपल्या विद्यापीठांत थोड्या नाहीत. पालीच्या बाबतीत पुढची वीस वर्षे धर्मानंद आणि त्यांचे शिष्य या साखळीची एकेक कडी जोडीत राहिले.

पाली विद्यापीठात कशासाठी हवी, केवळ धर्मश्रद्धेसाठी काय, असे विचारणारेही होते. धर्मानंदांनी याचे उत्तर कामातून दिले. राजस्थानात बैराटजवळ १८४० साली सम्राट अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो भाब्रू लेख म्हणून ओळखला जातो. त्यात अशोकाने भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे सात धर्मपर्याय नावानिशी सांगितले आहेत. अडचण अशी, की ती नावे आजच्या त्रिपिटकात जशीच्या तशी आढळत नाहीत. धर्मानंदांनी १९१२ साली 'इंडियन अँटिक्वरी' या संशोधनपत्रिकेत या नावांचा शोध मांडला. लेखातील 'मोनेयसूते' म्हणजे सुत्तनिपातातील नालकसुत्त आणि 'उपतिसपसिने' म्हणजे त्याच ग्रंथातील सारिपुत्तसुत्त, असे त्यांनी ओळखून दाखविले. उपतिस्स हे सारिपुत्ताचेच मूळ नाव, हे ज्याला ठाऊक त्यालाच ही गाठ सुटणार. सातांपैकी एक धर्मपर्याय म्हणजे असत्य भाषणासंबंधी राहुलाला केलेला उपदेश. तो आमच्या मुलांना मज्झिमनिकायातून परिचयाचा आहे. दगडावरचे अक्षर आणि ताडपत्रावरचे सुत्त यांची अशी भेट घडली, की इतिहासाला एक पक्का टेकू मिळतो. अशोकाच्या काळी कोणते ग्रंथ मान्य होते, हे त्यातून कळू लागते. हीच गोष्ट कलेची. जातककथा ठाऊक नसतील तर अजिंठ्याच्या भिंतींवरचा हत्ती हत्तीच राहतो, छद्दन्त होत नाही. इतिहास, कला, साहित्य, समाजरचना या सर्व अभ्यासांच्या मुळाशी पालीचे पाणी आहे, आणि विद्यापीठात तिला स्थान हवे ते यासाठी.

मधल्या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असता त्यांची धर्मानंदांशी ओळख झाली. हार्वर्डला एक काम अर्धवट पडले होते. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती आणि १८९९ साली त्याचा मृत्यू झाला. शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने बुद्धाच्या शिकवणीचा संपूर्ण मार्ग सांगणारा हा पाचव्या शतकातील ग्रंथ. वेगवेगळ्या देशांतील हस्तलिखितांचे पाठ ताडून शुद्ध संहिता सिद्ध करण्यासाठी पाली ज्याच्या जिभेवर आहे असा माणूस हवा होता. १९१० साली धर्मानंद समुद्र ओलांडून हार्वर्डला गेले. शाळकरी इंग्रजीही न शिकलेला हा साखवाळचा बागायतदार अमेरिकेतील नामांकित विद्यापीठात ब्रह्मी आणि सिंहली पाठ ताडीत बसला.

तेथे दोन वर्षे काम झाले, आणि नंतर जे घडले ते आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. ग्रंथमालेचे संपादक प्राध्यापक चार्ल्स लॅनमन आणि धर्मानंद यांच्यात संपादक म्हणून कोणाचे नाव यावे यावरून मतभेद झाला. आपल्या श्रमाचा उल्लेख साहाय्यक म्हणून व्हावा, हे धर्मानंदांना मान्य नव्हते. लॅनमन हे ज्येष्ठ आणि अधिकारी पुरुष. धर्मानंदांपाशी परतीच्या तिकिटाखेरीज काही बळ नव्हते. तरी ते नमले नाहीत आणि १९१२ साली काम तसेच ठेवून परत आले. मानाची हाव म्हणून कोणी याकडे पाहील. आमचे मत वेगळे आहे. विद्येच्या क्षेत्रात नाव म्हणजे जबाबदारी. कोणता पाठ कोणी स्वीकारला, चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचे, हे मुखपृष्ठावरील नावाने ठरते. पूर्वेकडचा पंडित मजकूर पुरवील आणि पश्चिमेकडचा प्राध्यापक त्याखाली सही करील, ही त्या काळची सर्रास रीत होती. तिला धर्मानंदांनी नकार दिला. याच कामासाठी ते पुढे आणखी तीन वेळा अमेरिकेला गेले. १९१८ ते १९२२ या दुसऱ्या मुक्कामात माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनी सोबत नेले. १९२६ साली लॅनमन निवृत्त झाल्यावर वुड्स यांनी त्यांना पुन्हा बोलावले, आणि १९३२ च्या सुमारास संहिता एकदाची पूर्ण झाली. एका ग्रंथासाठी बावीस वर्षे!

१९१२ ते १९१८ ही पुण्यातील सहा वर्षे आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटतात, आणि चरित्रकार बहुधा त्यांवरूनच घाईने पुढे जातात. फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद पालीचे प्राध्यापक होते. पदवी नसलेला हा प्राध्यापक पदवीच्या वर्गांना शिकवीत होता. वर्गात मुले मोजकीच असत, पण त्यांतून जी निघाली त्यांची नावे पाहावीत. चिं. वै. राजवाडे यांनी दीघनिकायाच्या मराठी भाषांतराला हात घातला. पु. वि. बापट पुढे स्वतः हार्वर्डला जाऊन आले, विसुद्धिमग्गाची विमुत्तिमग्ग या ग्रंथाशी तुलना करून त्यांनी जगभर मान्यता मिळविली, आणि १९५७ साली दिल्ली विद्यापीठात बौद्धविद्येचा स्वतंत्र विभाग निघाला तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली. ना. के. भागवत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि त्यांनी मुंबई विद्यापीठासाठी पाली ग्रंथ देवनागरीत संपादून दिले. ज्या देवनागरीच्या अभावी गुरूला दोन समुद्र ओलांडावे लागले, ती शिष्याने पन्नास पावलांवरच्या ग्रंथालयात आणून ठेवली. शिक्षक, ग्रंथ, परीक्षक, पुढची पिढी, अशी साखळीची कडी न् कडी येथे जुळली.

यानंतरची वर्षे एका जागी बसण्याची नाहीत. १९२२ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी महात्मा गांधींनी स्थापिलेल्या अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात संशोधन व लेखन केले. १९२९ साली आचार्य श्चेरबात्स्की यांच्या निमंत्रणावरून ते लेनिनग्राडला गेले. तेथून परतताच १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सामील होऊन त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे काशीतही काही काळ राहिले. अमेरिकेत आणि रशियात त्यांनी समाजवादी विचारांचे वाचन केले होते. बुद्धाचा उपदेश आणि श्रमिकांचे दुःखनिवारण यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या लेखनात वारंवार येतो.

१९३७ साली मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीजवळ, 'बहुजन विहार' उभा राहिला. त्यासाठी जुगलकिशोर बिर्लांनी द्रव्यसाहाय्य केले आणि धर्मानंद तेथे राहू लागले. विद्यापीठाच्या वर्गातून त्यांनी आपले बुद्धवचन आता चाळीच्या दारी आणले. हा प्रयोग फार काळ टिकला नाही. त्यांचा श्रोतृवर्ग खऱ्या अर्थाने तयार व्हायला अजून दोन दशके लागायची होती.

त्यांच्या मराठी ग्रंथांविषयी लिहू लागलो तर ही स्मरणिका पुरणार नाही. 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय', 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' ही त्यांतली काही. सर्वांत वाचले गेले ते 'भगवान बुद्ध'. चमत्कारांची पुटे बाजूला सारून, जुन्यातली जुनी सुत्ते निवडून, त्यांतून गणराज्ये, शेती, यज्ञसंस्था, श्रमणांचे संघ यांनी भरलेला तो काळ त्यांनी उभा केला. हे काम इतिहासकाराचे आणि मानववंशाच्या अभ्यासकाचेही आहे. मांसाहाराच्या प्रकरणाने या पुस्तकावर मोठे वादळ उठले, पण ग्रंथांत आधार दिसतो ते लिहिणे त्यांनी सोडले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याला त्यांनी 'बोधिसत्त्व' या नाटकात गृहत्यागाशी जोडले. पुढे बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे हाच तंटा उभा आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहून तरुण राजपुत्र घर सोडतो, ही कथा दोघांच्याही बुद्धीला पटली नव्हती.

बाबासाहेबांचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगतो. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा कोश आणि व्याकरण सिद्ध करण्याचे श्रम घेतले. ते आज त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात आहेत. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ त्यांनी केला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील पालीच्या वर्गांचे रूप पालटले. आधी जेथे मूठभर विद्याप्रेमी बसत तेथे आता वाडी-वस्तीवरची मुले आपल्या वंदनेची भाषा शिकायला बसली. धर्मानंद हे दृश्य पाहायला नव्हते. पण ती मुले आली तेव्हा विद्यापीठात विषय होता, शिकविणारे होते आणि देवनागरीत पुस्तके होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठी आणि पाली यांना एकाच निर्णयात अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा या दोन्ही भाषा ज्याच्या लेखणीत एकत्र नांदल्या त्याचे नाव आमच्या ऐकण्यात फारसे आले नाही.

मुलगा दामोदर हार्वर्डमधून पदवी घेऊन मोठा गणिती झाला आणि १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासावरील ग्रंथाने त्याने इतिहासलेखनाची दिशाच बदलली. आज महाविद्यालयांत कोसंबी म्हटले की बहुतेकांना मुलगाच आठवतो.

अखेरच्या वर्षांत व्याधींनी धर्मानंदांचा देह जर्जर झाला. दुसऱ्यांवर आपला भार नको, म्हणून अन्नत्याग करून देह ठेवण्याचा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. गांधीजींनी एकदा त्यांना त्यापासून परावृत्त केले. पण ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथील आश्रमात त्याच मार्गाने त्यांचे देहावसान झाले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर जो प्रभाव होता, त्याचा हा परिणाम असावा. तथागतांनी देहदंडाचा मार्ग स्वतः अनुभवून सोडून दिला होता. त्यामुळे आचार्यांचा हा शेवटचा निर्णय आम्ही आदराने नोंदवितो, पण तो अनुकरणीय आहे असे आमच्या मुलांना सांगू शकत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले आणि त्यांच्या नावे पाली शिकण्यासाठी विद्यार्थी श्रीलंकेला पाठवावेत, अशी इच्छा व्यक्त केली.

विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती त्यांच्या हयातीतच, १९४० साली, भारतीय विद्या भवनाने मुंबईत प्रसिद्ध केली होती. हार्वर्डची आवृत्ती मात्र रखडत रखडत त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९५० साली, हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा एकेचाळिसावा खंड म्हणून बाहेर पडली. लॅनमनही तोवर हयात नव्हते. त्या खंडाच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. मूळ संपादक हेन्री क्लार्क वॉरन, आणि संशोधित करणारे धर्मानंद कोसंबी.